‘आद्य’ आणि ‘इत्यादी’ : खुलाशांचा एक छोटा इतिहास

सरकारी नोकरीत तीन दशके घालविल्यानंतर माणसाच्या हातून लिहिले गेलेले कागद मोजता येत नाहीत. माझे बहुतेक लेखन हिरव्या नोटशीटवर झाले, आणि त्यातील फार थोडे मला आठवते. एक खुलासा मात्र आठवतो, कारण तो मी लिहिला तेव्हा मला त्याचा थोडासा अभिमान वाटला होता.

मी तेव्हा एका मंत्रालयात अवर सचिव होतो. मृत कर्मचाऱ्याच्या देय रकमा त्याच्या वारसाला देण्यासंबंधीच्या एका नियमात पुराव्यादाखल चालणाऱ्या कागदपत्रांची यादी होती आणि यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ हा शब्द होता. क्षेत्रीय कार्यालयांकडून वारंवार विचारणा होई की, या ‘इत्यादी’मध्ये नेमके काय येते? लेखापरीक्षणात आक्षेप निघतील या भीतीने कोणीच आपल्या जबाबदारीवर अर्थ लावण्यास धजत नव्हते. मी कायद्याची पुस्तके चाळली. यादीतील शब्दांच्या शेवटी येणारा सर्वसाधारण शब्द हा त्या यादीतील वस्तूंच्याच जातीचा समजावा, असे एक मान्य तत्त्व आहे. त्याचा आधार घेऊन मी मसुदा केला की, ‘इत्यादी’ याचा अर्थ शासकीय प्राधिकाऱ्याने कर्मचाऱ्याच्या मृत्यूपूर्वी दिलेला तत्सम दस्तऐवज असा घ्यावा. मसुदा एकही शब्द न बदलता मंजूर झाला. परिपत्रक निघाले, विचारणा थांबल्या.

सुमारे दोन वर्षांनी एका डोंगराळ भागातील कार्यालयातून एक प्रकरण आमच्याकडे आले. चतुर्थ श्रेणीतील एक कर्मचारी वारला होता. त्याच्या पत्नीजवळ गावच्या मुखियाचे पत्र होते, चर्चच्या नोंदवहीतील विवाहाचा उतारा होता आणि पतीबरोबरचे टपाल खात्याचे संयुक्त पासबुक होते. परंतु मृत्यूपूर्वी शासकीय प्राधिकाऱ्याने दिलेला, विवाह सिद्ध करणारा असा एकही कागद नव्हता. तिचा अर्ज तीनदा परत गेला होता आणि प्रत्येक वेळी परत पाठविण्याचे कारण म्हणून माझ्या परिपत्रकाचा क्रमांक व दिनांक लिहिलेला होता. मूळ नियमाने तिला अडविले नव्हते. मूळ नियमात ‘इत्यादी’ होते. तिला अडविले होते ते माझ्या खुलाशाने. त्यात एकोणीस महिने गेले होते.

त्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. खुलासा म्हणजे काय, तो कोणासाठी लिहायचा आणि तो मूळ संहितेपेक्षा बलवान केव्हा होतो, हे प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात आहेत. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे माझे वाचन मालमत्ता आणि वारसा या विषयांकडे वळणे स्वाभाविक होते. तेथे मला एक असा खुलासा भेटला की, ज्याचे वय नऊशे वर्षांहून अधिक आहे आणि ज्याचे परिणाम आजही आपल्या न्यायालयांत दिसतात. तो खुलासाही ‘इत्यादी’ या अर्थाच्याच एका शब्दावर आहे.

टीकेची परंपरा

आपल्याकडे स्पष्टीकरणात्मक लेखनाची परंपरा इतकी जुनी आहे की, तिच्या प्रकारांना स्वतंत्र नावे आहेत. सूत्र थोडक्यात असते. त्याचा सरळ अर्थ सांगते ती वृत्ती. जे सांगितले, जे सांगायचे राहिले आणि जे चुकीचे सांगितले गेले, त्या तिन्हींचा विचार करते ते वार्तिक. सूत्राच्या शब्दांना अनुसरून आणि स्वतःच्या शब्दांचीही चर्चा करीत जाते ते भाष्य. पाणिनीच्या सुमारे ४,००० सूत्रांवर कात्यायनाने वार्तिके रचली व त्या दोहोंवर पतंजलीने महाभाष्य लिहिले. या तिघांत मतभेद झाल्यास उत्तरोत्तर आचार्याचे मत अधिक प्रमाण मानावे, असा व्याकरणशास्त्रातील संकेत आहे. म्हणजे सूत्रकारापेक्षा भाष्यकार वरचढ! प्रशासनातील माणसाला यात नवल वाटू नये. कायद्यापेक्षा नियम, नियमापेक्षा परिपत्रक आणि परिपत्रकापेक्षा शेवटचा खुलासा अधिक पाळला जातो, हे आपण रोज पाहतो.

मराठी वाचकाला तर टीकेचे सामर्थ्य वेगळे सांगण्याची गरज नाही. इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेली ज्ञानेश्वरी ही रूपाने गीतेवरील टीकाच आहे. मराठीतील या महाग्रंथाने टीका म्हणून जन्म घेतला.

जुन्या शास्त्रकारांनी चांगल्या व्याख्यानाची पाच अंगे सांगितली आहेत : पदे सुटी करणे, पदांचा अर्थ सांगणे, समासांचा विग्रह करणे, वाक्याची जुळणी दाखविणे आणि आक्षेप घेऊन त्यांचे समाधान करणे. यातील पाचवे अंग वाचकाने लक्षात ठेवावे. पुढे ते आपल्याला लागणार आहे.

विज्ञानेश्वराचा ‘आद्य’

याज्ञवल्क्यस्मृती हा आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त अशा तीन अध्यायांचा, सुमारे एक हजार श्लोकांचा ग्रंथ. त्यावर विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाखालील. या राजाची कारकीर्द इ. स. १०७६ ते ११२६ अशी आहे आणि त्याची राजधानी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मिताक्षरा या नावाचा अर्थच ‘मोजक्या अक्षरांची’.

याज्ञवल्क्याने स्त्रीधनाची यादी दिली आहे. पिता, माता, पती व बंधू यांनी दिलेले. विवाहाच्या अग्नीसमक्ष मिळालेले. पतीने दुसरा विवाह केल्यास पहिल्या पत्नीला द्यावयाचे आधिवेदनिक. आणि या शेवटच्या शब्दाला जोडून आलेले ‘आद्य’ हे पद. ‘आद्य’ म्हणजे ‘वगैरे’. काही ग्रंथकारांनी या ठिकाणी ‘आद्य’ न वाचता ‘चैव’ असा पाठ स्वीकारला आहे. ‘चैव’ वाचले की यादी बंद होते. ‘आद्य’ वाचले की ती उघडी राहते. अक्षरे दोनच, परंतु फरक मालमत्तेच्या दारावरील कुलपाइतका.

विज्ञानेश्वराने ‘आद्य’ हा पाठ घेतला आणि त्याचा अर्थ कसा लावला ते पाहण्यासारखे आहे. तत्सम भेटवस्तू, असा अर्थ लावून तो मोकळा झाला असता तर कोणी दोष दिला नसता; मीही तेच केले असते, किंबहुना केलेच. त्याने मात्र सांगितले की, ‘आद्य’ या पदाने वारसा, खरेदी, वाटणी, परिग्रह आणि अधिगम या मार्गांनी मिळालेली मालमत्ताही घ्यावी. परिग्रह म्हणजे जिला धनी नाही अशी वस्तू प्रथम ताब्यात घेणे. अधिगम म्हणजे ठेव्यासारखी वस्तू सापडणे. ही पाच नावे त्याने मनाने रचलेली नव्हेत. गौतमाच्या धर्मसूत्रात कोणाही व्यक्तीला मालकी कोणकोणत्या मार्गांनी प्राप्त होते हे सांगताना हीच पाच कारणे आली आहेत. विज्ञानेश्वराने मालकीची ही सर्वसाधारण यादी उचलून स्त्रीधनाच्या ‘वगैरे’मध्ये ठेवली. याचा अर्थ असा की, पुरुष ज्या मार्गांनी मालक होतो त्याच मार्गांनी स्त्रीही मालक होते.

याहून महत्त्वाचे त्याचे समर्थन आहे. तो म्हणतो की, स्त्रीधन हा शब्द यौगिक आहे, पारिभाषिक नाही. म्हणजे ‘स्त्रीचे धन’ हा त्या शब्दाचा व्युत्पत्तीने निघणारा अर्थच घ्यावा. सरळ अर्थ लागत असताना खास परिभाषा कल्पिणे योग्य नव्हे. येथे टीकाकाराने आक्षेप ओळखला आहे आणि त्याचे उत्तर आधीच दिले आहे. पाचवे अंग म्हणतात ते हेच.

विज्ञानेश्वराला आधुनिक अर्थाने स्त्रियांचा कैवारी ठरविण्याचा माझा हेतू नाही. वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो हा सिद्धांत याच मिताक्षरेत दृढ झाला व त्या सिद्धांताने मुलीला शतकानुशतके सहदायिकीच्या बाहेर ठेवले. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या ‘दायभाग’ या निबंधाने जन्मसिद्ध हक्क नाकारला, त्यामुळे तेथे पुत्रहीन विधवेला एकत्र कुटुंबातही पतीचा वाटा मिळू शके. मिताक्षरेच्या प्रदेशात तो मुख्यतः विभक्त पतीच्या विधवेला मिळे. एकाच टीकेतील एक खुलासा दार उघडतो, दुसरा लावून घेतो.

टीकेचा कायदा झाला

टीकाग्रंथ हा मुळात विद्वानांच्या चर्चेचा विषय. त्यावर दुसरी टीका होई, प्रदेशाचा आचार वेगळा असेल तर तो चाले, आणि निवाडा करणारा पंडित अनेक मतांतून निवड करी. ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांनी ही स्थिती बदलली. वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेने वारसा, विवाह इत्यादी बाबतींत हिंदूंना शास्त्रानुसार व मुसलमानांना कुराणानुसार न्याय द्यावा असे ठरले. मग शास्त्र कोठे लिहिले आहे, हा प्रश्न आला. १८१० मध्ये कोलब्रुकने दायभाग आणि मिताक्षरेतील वारसाविषयक प्रकरण यांची इंग्रजी भाषांतरे एकत्र प्रसिद्ध केली. त्या भाषांतरालाही टिपा होत्या आणि त्या त्याने मिताक्षरेवरील ‘सुबोधिनी’ व ‘बाळंभट्टी’ या टीकांतून घेतल्या होत्या. १८६४ मध्ये न्यायालयांना जोडलेल्या पंडितांची पदे रद्द झाली. त्यानंतर न्यायाधीशासमोर राहिले ते भाषांतर आणि पूर्वीचे निकाल.

हिंदू कायद्याच्या शाखा कशा निर्माण झाल्या हे प्रिव्ही कौन्सिलने १८६८ च्या रामनाद दत्तक प्रकरणात नेमके ओळखले होते. टीकाकाराने प्राचीन वचनाला आपला अर्थ जोडला, तो अर्थ एका प्रांताने स्वीकारला व दुसऱ्याने नाकारला, आणि त्यातून शाखा झाल्या, असा त्या विवेचनाचा आशय आहे. रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो लिखित वचनावर मात करील, हेही त्याच निकालात म्हटले आहे.

परंतु ‘आद्य’च्या बाबतीत काय झाले? १८६६ आणि १८६७ च्या दोन निकालांत प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की, विधवेला पतीकडून वारशाने मिळालेली मिळकत हे स्त्रीधन नव्हे. १९०३ मध्ये असे ठरले की, स्त्रीला दुसऱ्या स्त्रीकडून वारशाने आलेली मिळकतही स्त्रीधन नव्हे. मिताक्षरेतील शब्द समोर असताना ते बाजूला ठेवले गेले. स्त्रीचा हक्क हयातीपुरता राहिला. सबळ कारणावाचून तिला मिळकत विकता येत नसे आणि तिच्या मृत्यूनंतर मिळकत पूर्वीच्या पुरुष मालकाच्या वारसांकडे परत जाई.

मुंबई इलाख्यात चित्र थोडे वेगळे होते. येथे मिताक्षरेबरोबर नीलकंठभट्टाचा ‘व्यवहारमयूख’ प्रमाण मानला जाई. सतराव्या शतकातील हा ग्रंथकार काशीत राहत असला तरी त्याचे घराणे पैठणहून तेथे गेलेले. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० मध्ये मयूखाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले व पुढे पां. वा. काणे यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. या परंपरेमुळे मुंबई इलाख्यात मुलगी, बहीण यांना वारशाने मिळालेली मिळकत त्यांच्या पूर्ण मालकीची मानली गेली. विधवेची मालकी मात्र येथेही मर्यादितच राहिली.

वर उल्लेखिलेल्या बाळंभट्टीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. मिताक्षरेवरील ही टीका लक्ष्मीदेवी या स्त्रीच्या नावावर आहे. ही विदुषी काशीतील पायगुंडे या मराठी घराण्यातील. टीका प्रत्यक्षात बाळंभट्टाने लिहून तिच्या नावावर प्रसिद्ध केली, असेही एक मत आहे. लेखक कोणीही असो, ही टीका शक्य तेथे स्त्रियांच्या हक्काकडे झुकते. आणि याच कारणासाठी न्यायालये तिच्याकडे साशंकतेने पाहत! वर्षानुवर्षे स्त्रियांविरुद्ध झुकलेल्या टीकांबद्दल अशी शंका कोणाला आल्याचे दिसत नाही.

१९५६ : ‘आद्य’ परत येतो

१९३७ मध्ये डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा अधिनियम झाला. विधवेला एकत्र कुटुंबात पतीइतके हितसंबंध मिळाले, पण तेही हयातीपुरते. त्यानंतर बेनेगल नरसिंह राव यांची समिती, हिंदू कोड बिल, संसदेतील प्रदीर्घ विरोध आणि सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांचा मंत्रिमंडळाचा राजीनामा हा इतिहास वाचकांस ज्ञात आहे. विधेयकाचे तुकडे करून पुढे जे कायदे झाले, त्यांपैकी हिंदू वारसा अधिनियम १७ जून १९५६ रोजी अमलात आला.

त्याच्या कलम १४(१) ने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली. या पोटकलमाला एक स्पष्टीकरण जोडले आहे. मालमत्ता म्हणजे काय, याची त्यात गणना आहे : वारसा, मृत्युपत्र, वाटणी, पोटगीच्या बदल्यात मिळालेली, देणगी, स्वतःचे कौशल्य वा श्रम, खरेदी, दीर्घ वहिवाट, आणि शेवटी अन्य कोणत्याही रीतीने मिळालेली. हे स्पष्टीकरण मी प्रथम लक्षपूर्वक वाचले तेव्हा मिताक्षरा शेजारी उघडी होती. वारसा, खरेदी, वाटणी ही तीनही नावे दोन्हीकडे आहेत. विज्ञानेश्वराने एका ‘आद्य’मध्ये जे पाहिले आणि प्रिव्ही कौन्सिलने जे नाकारले, ते स्वतंत्र भारताच्या संसदेने एका स्पष्टीकरणात लिहून ठेवले. आणि आपल्या यादीच्या शेवटी तिनेही एक ‘आद्य’ ठेवला!

हे स्पष्टीकरण केवळ शोभेचे नव्हते. तुलसम्मा खटल्यात एका विधवेला १९४९ च्या तडजोडीने पोटगीच्या बदल्यात, हयातीपुरती, काही मिळकत मिळाली होती. पुढे तिने ती हस्तांतरित केली आणि दिराने आव्हान दिले. कलम १४(२) मध्ये एक अपवाद आहे. ज्या दस्तऐवजानेच मर्यादित हक्क दिला तेथे मर्यादा कायम राहते. उच्च न्यायालयात विधवा हरली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ठरविले की, पोटगीचा तिचा हक्क आधीपासूनचा आहे, तडजोडीने तो केवळ मान्य केला. म्हणून स्पष्टीकरणातील ‘पोटगीच्या बदल्यात’ हे शब्द लागू होतात आणि ती पूर्ण मालक आहे. या अपवादाच्या मर्यादेवर नंतर उलटसुलट निकाल होत राहिले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठविणे आवश्यक मानले.

एक चोविसांश आणि सात चोविसांश

स्पष्टीकरण कसे वाचावे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला गणिताच्या रूपात सापडले. त्याच कायद्याच्या मूळ कलम ६ ला एक स्पष्टीकरण होते : सहदायिकाच्या मृत्यूच्या लगतपूर्वी वाटणी झाली असती तर त्याला जो हिस्सा मिळाला असता, तो त्याचा हितसंबंध समजावा. मगदूम खटल्यात एक गृहस्थ पत्नी, दोन मुलगे व तीन मुली मागे ठेवून १९६० मध्ये वारले. कल्पित वाटणीत पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४. मृताचा १/४ हिस्सा सहा वारसांत विभागला की पत्नीला १/२४. आता प्रश्न असा की, ही वाटणी केवळ मृताचा हिस्सा काढण्यापुरती कल्पायची आणि मग विसरायची, की पत्नीला त्या वाटणीत मिळालेला १/४ हिस्साही खरा मानायचा? पहिल्या वाचनात विधवेला मिळतो १/२४. दुसऱ्यात १/४ अधिक १/२४, म्हणजे ७/२४.

खालच्या न्यायालयाने १/२४ दिला, मुंबई उच्च न्यायालयाने ७/२४. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या निकालाने ७/२४ कायम केला. एकदा वाटणी झाली असे कायद्याने गृहीत धरले की, तिचे सर्व परिणाम स्वीकारावे लागतात, असा त्यातील युक्तिवाद होता. त्याच घराची तीच भिंत, तीच जमीन, आणि एका स्पष्टीकरणाच्या दोन वाचनांत सातपटींचे अंतर!

मुलींचा प्रश्न पुढे काही राज्यांनी सोडविण्यास आरंभ केला. केरळने एकत्र कुटुंबपद्धतीच रद्द केली. आंध्र प्रदेश, तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी मुलींना सहदायिकीत घेतले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा हक्क देशभर झाला आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने, त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे स्पष्ट केले. त्या कलमालाही स्पष्टीकरण आहेच : वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी. मुलींना डावलण्यासाठी ‘वाटणी तोंडी आधीच झाली होती’ असे सांगण्याची वाट त्याने अरुंद केली.

खुलाशाचा गैरवापर

खुलाशाच्या वेषात नवा कायदा येतो तेव्हा काय होते, याचेही उदाहरण आपल्या काळातले आहे. व्होडाफोन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी आयकर विभागाच्या विरुद्ध निर्णय दिला. त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्याच्या कलम ९ मध्ये स्पष्टीकरणे घातली. शंका दूर करण्यासाठी हा खुलासा करण्यात येत आहे, अशी त्यांची भाषा होती आणि त्यांचा अंमल १ एप्रिल १९६२ पासून होता. शंका तर सर्वोच्च न्यायालयाने दूर केलेलीच होती! २०२० मध्ये दोन आंतरराष्ट्रीय लवादांचे निर्णय भारताविरुद्ध गेले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने ही पूर्वलक्षी आकारणी मागे घेतली. महसुलाची बाजू चुकीची होती की बरोबर, हा येथे प्रश्न नाही. कर लावायचा असेल तर तो कर म्हणून लावावा. खुलासा या शब्दावरील विश्वास हीही राज्याची एक मालमत्ता आहे, आणि ती खर्ची पडल्यावर पुन्हा जमा होण्यास वेळ लागतो.

विशेष हे की, याचे तत्त्व बरेच आधी लिहिले गेले होते. १९८५ मध्ये तमिळनाडूच्या भाडेनियंत्रण कायद्यातील एका स्पष्टीकरणासंबंधी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टीकरणाची कार्ये सांगितली. ते संदिग्धता दूर करू शकते, मूळ हेतूला आधार देऊ शकते, उणीव भरून काढण्यास साहाय्य करू शकते. परंतु मूळ तरतूद बदलू शकत नाही आणि कायद्याने दिलेला हक्क काढून घेऊ शकत नाही. बहुमताचा हा निकाल न्या. फजल अली यांनी लिहिला. तुलसम्मा खटल्यातील एक निकालपत्रही त्यांचेच.

आयकर अधिनियम, २०२५ ने जुन्या कायद्यातील ८१९ कलमांच्या जागी ५३६ कलमे आणली आणि परंतुके व स्पष्टीकरणे मूळ कलमांत वा तक्त्यांत सामावून घेतली. कायद्याचा मजकूर ५.१२ लाख शब्दांवरून सुमारे २.६ लाखांवर आला. हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. तथापि इतिहासाचा अनुभव असा की, सूत्र कितीही स्वच्छ असले तरी पहिल्या कठीण प्रकरणाबरोबर टीकेचा जन्म होतो. म्हणून टीका संपविण्याचा विचार करण्यापेक्षा ती नीट लिहिण्याचा विचार करणे अधिक उपयुक्त ठरेल.

पाचवे अंग

माझ्या त्या परिपत्रकाकडे परत येतो. त्यात पदांचा अर्थ होता, वाक्याची जुळणी होती, आधारभूत तत्त्वही होते. नव्हते ते आक्षेप आणि समाधान. ज्या बाईकडे यांपैकी एकही कागद नसेल तिने काय करावे, हा आक्षेप मी स्वतःवर घेतला नव्हता. माझ्यासमोर लेखापरीक्षक होता, अर्जदार नव्हती. शंका विचारणाऱ्या कार्यालयाची अडचण मी दूर केली आणि ती जिच्यापर्यंत जायची तिच्यापर्यंत ढकलून दिली. विज्ञानेश्वरासमोर ‘आद्य’ आला तेव्हा त्याने विचारले की, मालकी कशाने निर्माण होते? माझ्यासमोर ‘इत्यादी’ आला तेव्हा मी विचारले की, आक्षेप कशाने टळेल?

ते प्रकरण समोर आल्यावर मी टिपणी लिहिली की, खुलासा मूळ नियमापेक्षा संकुचित झाला आहे, तो मीच प्रस्तावित केला होता, आणि तो मागे घ्यावा. माझ्या वरिष्ठांनी समासात एवढेच विचारले की, मग कार्यालयांनी ठरवायचे कसे? प्रश्न रास्त होता. आम्ही नवा खुलासा काढला. त्यात यादी नव्हती. विवाह व नाते याविषयी अधिकाऱ्याची खात्री पटेल असा कोणताही पुरावा चालेल, अर्ज नाकारायचा झाल्यास प्रत्येक कागद का अग्राह्य आहे ते लिहावे, आणि असा नकार एक पायरी वरच्या अधिकाऱ्याच्या सहीनेच व्हावा, असे त्यात होते. पुढील काही महिन्यांत कार्यालयांकडून नाराजीची पत्रे आली, कारण ‘नाही’ म्हणणे आता अधिक कष्टाचे झाले होते. त्या बाईंना रक्कम मिळाल्याची नोंद फाइलवर आली. एकोणीस महिन्यांच्या विलंबाबद्दल व्याज देण्याची तरतूद मात्र नियमात नव्हती, आणि तेथे ‘इत्यादी’ही नव्हते.

त्यानंतर माझ्याकडे जो कोणी तरुण अधिकारी खुलाशाचा मसुदा घेऊन येई, त्याला मी एकच गोष्ट विचारीत आलो आहे : या खुलाशामुळे ज्याचा अर्ज परत जाईल अशा एका माणसाचे वर्णन नोटशीटवर लिहिले आहे का? नसल्यास मसुदा परत देतो. काहींना हा साहेबांचा लहरीपणा वाटतो. वाटो.